टाचदुखीबाईंस स.न.वि.वि.

श्रीमती टाचदुखीबाई,
मु. पो. उजवी टाच, आतली बाजू,
जि. सातारा.

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, आपण आमच्या उजव्या टाचेत मुक्कामाला आलात त्याला आता बरेच महिने झाले, पण आपल्या कर्तृत्वाबद्दल चार शब्द लिहायला काही सवड होत नव्हती. का होत नव्हती ते आपल्याला माहीत आहेच. सकाळी सातची शाळा, त्याआधी डबे, दुपारी वह्या, संध्याकाळी सासूबाईंचा दवाखाना, आणि मधूनच सरकारला शिक्षकांची आठवण झाली की मतदारयाद्या. आज रविवार. घर झोपलेलं आहे आणि आपण मला साडेपाचलाच उठवलंत. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

प्रथम आपल्या वक्तशीरपणाचं कौतुक करते. गजराचं घड्याळ एखाद्या दिवशी दगा देईल, आपण नाही. पाय फरशीला टेकला रे टेकला की टाचेच्या आतल्या कडेला कळ हजर. मग पलंग, कपाटाचं दार, भिंत असं धरत धरत मी मोरीपर्यंत जाते. तेवढ्यात पंधरा-वीस पावलं होतात आणि आपण हळूच मागे सरता. चहा उकळेपर्यंत मी बऱ्यापैकी चालायला लागलेली असते. घरातले उठतात तेव्हा त्यांना धडधाकट बाई दिसते. "काल तर म्हणत होतीस पाय टेकवत नाही!" काय सोय आहे पाहा. साक्षीदार अंथरुणात असताना काम उरकायचं आणि चहाच्या वेळी साळसूद चेहरा करायचा. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यांनाही हे इतक्या सफाईनं जमत नाही.

यामागची आपली युक्ती मला आता कळली आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पायाची कमान तोच ताणून धरतो. रात्रभर पाऊल पुढे झुकलेलं राहतं, पोटरी आणि हा पट्टा दोन्ही आखडतात, आणि सकाळी सगळ्या देहाचा भार एका क्षणात त्यांच्यावर येतो. पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे तो ताण सगळ्यात जास्त बसतो, आणि आपण राहायला निवडलीत ती नेमकी तीच जागा. दुसऱ्या कुणी हवेशीर जागा पाहिली असती.

माणसं निवडतानाही आपण चोखंदळ. दहातल्या एकाच्या घरी आयुष्यात कधी ना कधी डोकावता म्हणे, पण खरा लोभ चाळिशी ते साठीतल्यांवर. त्यातही दिवसभर उभं राहणाऱ्यांवर, अंगानं जरा सुखवस्तू असणाऱ्यांवर, पोटऱ्या आखडलेल्यांवर. वर्षानुवर्षं शाहाबादी फरशीवर उभी राहून गणित शिकवणारी बाई आपल्याला कुठून दिसली हे विचारण्यात अर्थ नाही. फळ्याच्या दोन टोकांमध्ये मी जेवढी चालले असेन, तेवढ्यात कुणाची वारी झाली असती.

आता मुख्य तक्रार. आपण आलात तेव्हा माझं अजिंक्यताऱ्यावर जाणं नुकतं मार्गी लागलं होतं. पहाटे 'चार भिंती' स्मारकाकडे आणि किल्ल्याच्या डांबरी रस्त्यावर निम्मा सातारा भेटतो: कानटोपीतले निवृत्त अधिकारी, हिल मॅरेथॉनची तयारी करणारी काटकुळी पोरं, आणि चढ लागला की सोन्याच्या भावाची चर्चा तात्पुरती थांबवणाऱ्या आम्ही बायका. वर मंगळाईला हात जोडायचे, वारा खायचा आणि कुकर लावायला खाली पळायचं. दिवसातला तेवढाच तुकडा माझा होता, बाकीचा सगळा वाटून दिलेला. आपण बरोबर त्याच तुकड्यावर येऊन बसलात. ओट्यापाशी तास तास उभं राहण्याला आपली हरकत नाही, बाजारातून पिशव्या उचलून आणण्याला नाही, परीक्षेच्या पर्यवेक्षणाला तर मुळीच नाही. हरकत फक्त किल्ल्याला.

आणि वर न जाण्यासाठी निमित्त पुरवलंत तेही किती प्रतिष्ठित! पाऊस आहे म्हटलं तर लोक छत्री सुचवतात. वेळ नाही म्हटलं तर लवकर उठायला सांगतात. टाच दुखते म्हटलं की सगळे चुकचुकतात आणि खुर्ची पुढे करतात. शिवाय आपली आणि माझ्या वेळापत्रकाची आतून काहीतरी बोलणी झालेली असावीत असा मला दाट संशय आहे. ज्या दिवशी आपण रजेवर, त्या दिवशी शाळेत तपासणी. ज्या दिवशी शाळेला सुट्टी, त्या दिवशी आपण हजर. अशा पाळ्या आमच्या मुख्याध्यापकांनाही लावता येत नाहीत.

आपल्या आगमनाची बातमी फुटली आणि सल्लागारांची रीघ लागली. पहिलं निदान जिन्यातच झालं: "हाड वाढलंय." एक्स-रे काढला, त्यात टाचेखाली बारीकसं टोक दिसलंही, आणि सगळ्या इमारतीला समाधान वाटलं. आता गंमत अशी की ज्यांची टाच आयुष्यात कधी दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्ये हे टोक सापडतं. म्हणजे बदनाम झालं ते बिचारं हाड, आणि आपण पट्ट्यात आरामात पडून राहिलात.

मग सासूबाईंनी परसातली वीट धुऊन तापवली, तिच्यावर रुईची पानं ठेवली आणि मला वर उभं केलं. शेकानं बरं वाटतं हे मी नाकारत नाही. पण विटेवर उभं राहून युगं काढण्याची सवय एकालाच आहे. मला पहिल्या तासाला समीकरणं होती. (मधुमेहामुळे ज्यांचे तळवे बधिर झालेत त्यांनी मात्र या विटेच्या वाटेला जाऊ नये. चटका बसला तरी कळत नाही.) ओळखीतल्या एकीनं टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं आणि महिनाभर ती जिने टणाटण चढत होती. पुढे आपण पुन्हा तिच्याकडे गेलातच. ते स्टेरॉइड पुन्हा पुन्हा घेतलं तर पट्टाच फाटण्याची भीती असते, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मी तो नाद सोडला.

खरी लढाई झाली ती चपलेवरून. डॉक्टर म्हणाले, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, मऊ चप्पल घाला. त्यांना काय जातंय सांगायला! ओट्यापाशी चप्पल? देवघरासमोरून चप्पल? सासूबाईंनी माझ्या पायांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर आपल्यावर रोखली असती तर आपण त्याच संध्याकाळच्या एसटीनं निघून गेला असता. शेवटी तह झाला. एमसीआर रबराची नवी कोरी जोडी आणायची, ती उंबऱ्याबाहेर कधीही न्यायची नाही आणि देवघरापाशी काढायची. हे रबर कुष्ठरोग्यांच्या बधिर पावलांना जपण्यासाठी वेल्लोरकडच्या डॉक्टरांनी वापरात आणलं, असं मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या थोड्या नरमल्या. सेवेच्या कामातून आलेली वस्तू म्हणून तिला स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला. आपल्याला घालवण्यासाठी मला घरातली एक घटनादुरुस्ती करावी लागली, याची नोंद व्हावी.

आता आपल्या नावाकडे येते. दवाखान्याच्या कागदावर आपण 'प्लांटर फॅशिआयटिस' म्हणून मिरवता. या नावात सूज गृहीत धरलेली आहे. पण २००३ मध्ये अमेरिकेत टाचेच्या शस्त्रक्रियांत काढलेले पन्नास नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा सुजेच्या खुणा सापडल्या नाहीत. सापडला तो झिजलेला, विस्कटलेला पट्टा. म्हणजे आग लागली म्हणून बंब बोलावले, आणि आत नुसती डागडुजी राहिलेली. हे कळल्यावर माझ्या मनातला आपला दरारा बराच कमी झाला. जळत्या घरात कुणी पाऊल ठेवत नाही, पण डागडुजी रोज थोडी थोडी करता येते. आणि बाई, आपलं बिंग फुटतं ते इथेच. ज्या व्यायामाला आपण अडवून धरलंत, आपल्यावरचं औषध तोच आहे. फक्त तो किल्ल्यावर न होता पलंगाच्या कडेवर सुरू होतो.

पुरावा ऐका. त्याच २००३ साली अमेरिकेतल्याच दुसऱ्या डॉक्टरांनी रुग्णांना एक साधी गोष्ट करायला लावली: सकाळी पाऊल टाकण्याआधी, बसल्या बसल्या दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, हातानं पायाची बोटं नडगीकडे ओढायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा या लोकांना जास्त आराम पडला. कारण सरळ आहे. बोटं वर गेली की पट्टा ताणला जातो आणि कमान उचलली जाते. हिक्स नावाच्या संशोधकानं पायाची ही करामत १९५४ मध्येच मांडली होती. आपण पहिल्या पावलाची वाट बघत दबा धरून बसता, आणि मी त्या पावलाआधीच पट्टा मोकळा करून उतरते. आपला अर्धा दरारा त्या पलंगाच्या कडेवर संपतो.

उरलेला अर्धा डेन्मार्कमध्ये संपला. रॅथलेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये टाचदुखीच्या लोकांना चक्क वजन उचलायला लावलं. पायरीच्या कडेवर एका पायाच्या चवड्यानं उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. जमायला लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरून भार वाढवायचा. तीन महिन्यांनी हे लोक ताण देणाऱ्यांच्या पुढे होते. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखे झाले, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण सॅकमध्ये पुस्तकं भरायची हे वाचलं आणि मला डॅनिश लोकांविषयी एकदम आपुलकी वाटली. माझ्याकडे सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. आजवर ते नुसतेच डोक्याला भार होते. आता ते पाठीवर घेऊन मी जिन्याच्या खालच्या पायरीवर कठडा धरून उभी राहते, आणि आठवी 'ब'चं भूमितीतलं अज्ञान आपल्या उच्चाटनाच्या कामी येतं. वर्गाचा निकाल जितका वाईट, तितक्या पुरवण्या कमी आणि वजन हलकं, एवढीच एक अडचण आहे.

थोडं दुखतं, नाही असं नाही. तेवढ्यावरून आपण हुरळून जाऊ नये. दुसऱ्या दिवशीची पहिली पावलं आदल्या दिवसापेक्षा वाईट पडली तर मी भार कमी करते, नाहीतर काम चालू ठेवते. एवढा हिशेब आठवीलाही जमेल. आपल्या नावाखाली दुसरंच कुणी घुसलं असेल तर त्याची चौकशी मात्र वेगळी: पडल्यानंतर टाच टेकवताच येत नसेल, सूज किंवा ताप असेल, पाय बधिर होत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर पायरीवर चढायचं सोडून डॉक्टरांकडे जायचं. आपल्याशी मात्र मी घरीच बोलून घेईन.

राहिला वेळेचा प्रश्न, म्हणजे आपल्या भागीदाराचा. तो घड्याळ होऊन मनगटावर बसतो आणि रात्री नऊ वाजता मला कळवतो की दहा हजार पावलांपैकी निम्मीसुद्धा झालेली नाहीत. हा दहा हजारांचा आकडा कुठून आला, तर १९६५ मध्ये जपानच्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं. टोकियोचं ऑलिंपिक नुकतं होऊन गेलेलं, लोकांना चालायची हौस आलेली, आकडाही गोल आणि गोंडस. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्कर बायकांचा अभ्यास झाला, त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांच्यातच मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा सपाट झाला. हे मी माझ्या मनगटाला सांगून पाहिलं. ते ऐकत नाही. ते आपल्याच गोटातलं आहे: एवढं जमत नसेल तर काहीच करू नकोस, असं दोघांचंही म्हणणं.

जागतिक आरोग्य संघटना सुदैवानं मनगटाइतकी हटवादी नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, हे तिचं मुख्य मागणं. पूर्वी अट होती की सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत, नाहीतर ती धरायची नाहीत. २०२० मध्ये ती अटही गेली. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यापैकी कुणाच्या तरी घरी तीन डबे होत असणार. कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्ये ओट्याला हात टेकून पोटरी ताणून होते. मधल्या सुट्टीत खुर्चीवर बसून-उठून होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोटं ओढत बसले तेव्हा सहकाऱ्यांनी आधी चेष्टा केली, मग दोघींनी हळूच सँडल काढले. आपले हितसंबंध किती दूरवर पसरलेत ते तेव्हा कळलं.

आणि सूर्यनमस्कार. आपण साताऱ्यात येताना चौकशी केली नसावी, कारण इथून जवळच औंध आहे. तिथल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार संस्थानच्या शाळांत सुरू केले आणि जगभर त्यांचा प्रचार केला. राजेसाहेबांच्या मनात टाचदुखी नव्हती, पण नमस्कारातलं ते पर्वतासन आठवा: हात जमिनीवर, कंबर वर, टाचा जमिनीकडे दाबायच्या. पोटरीला याहून चांगला ताण कुठल्या दवाखान्यात मिळणार? रथसप्तमीला मुलांना रांगेत उभं करून नमस्कार घालून घेताना मी दरवर्षी ओरडते, "टाचा टेकवा रे!" आता तेच स्वतःच्या टाचेला सांगते. उड्या मारून पाय मागे टाकायचे नाहीत, एकेक करून न्यायचे, एवढी सवलत आपल्याला दिली आहे.

शिवाय ज्या दिवशी आपण फारच रंगात येता, त्या दिवशी मी भाच्याची सायकल घेते. साताऱ्यात सपाट रस्ता शोधणं हाच एक व्यायाम आहे, पण सापडला की टाचेला दणका नाही आणि दम मात्र भरपूर. पाण्याच्या बाटल्या भरून हातांचे व्यायाम होतात, जमिनीवर पडून पोटाचे होतात. आपला ताबा शेवटी तळव्याच्या जेमतेम चार बोटांवर आहे. बाकीचं सगळं शरीर मोकळंच होतं, आणि आपण दाखवलंत असं की जणू सातबारा आपल्याच नावावर.

वैद्यकाची पुस्तकं म्हणतात की शस्त्रक्रियेशिवाय, एवढ्यातेवढ्या डागडुजीवर, बहुतेकांकडून आपण वर्षभरात निघून जाता. आमच्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचाच करतात, तेव्हा आपल्याला ही पद्धत अवघड वाटू नये. मुदत संपेपर्यंत राहा. सकाळी भेट होतेच आहे. फक्त भेटीआधी मी बोटं ओढून घेणार. पुढच्या महिन्यापासून चार भिंतींपर्यंत जायचं ठरवलं आहे, तेही रोज नाही, एक दिवसाआड. आपण सोबत आलात तर चढ माझ्या गतीनं चढावा लागेल, हे आताच सांगून ठेवते.

कुकर लावायचा आहे, थांबते. उत्तर पाठवू नये.

आपली नम्र नसलेली,
वरच्या मजल्यावरची मालकीण

ता. क. डावी टाच रिकामी दिसते म्हणून तिथे चौकशीला जाऊ नये. ती जागा द्यायची नाही.